किनारा ते खोल गाळ: एकपेशींच्या मागावर आठ दिवस

संशोधन जहाजावरच्या आठ दिवसांच्या फेरीची ही रोजनिशी. मार्ग सरळ आहे. किनाऱ्यालगतचं २० मीटर खोल गढूळ पाणी, मग खंडमंच, त्याची कड, पुढे उघड्या महासागराची निळाई आणि शेवटी जवळपास ४,००० मीटर खाली पसरलेला गाळ. उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही समुद्रात किनाऱ्यापासून बाहेर अशी रेघ मारली, तर साधारण हाच क्रम भेटतो. म्हणून जागेचं नाव घातलेलं नाही.

पाहायचे आहेत ते प्रोटिस्ट. पेशीत केंद्रक आहे, पण जो प्राणी नाही, वनस्पती नाही आणि बुरशीही नाही, असा बहुतेक एकपेशीय जीवांचा पसारा. एर्न्स्ट हेकेलने १८६६ मध्ये त्यांच्यासाठी प्रोटिस्टा असं वेगळं घर बांधलं. आज ते एक कुळ मानत नाहीत, कारण डायटम आणि अमीबा यांच्यातलं अंतर माणूस आणि अळंब्यातल्या अंतरापेक्षा जास्त भरतं. तरी शब्द टिकला, आणि बोटीवर तोच चालतो.

या फेरीचा एक नियम आहे: थेंब आधी जिवंत पाहायचा, औषध (पेशी मारून टिकवून ठेवणारं रसायन) नंतर घालायचं. समुद्री प्रोटिस्टांचा इतिहास गिळण्याचा आणि गिळलेलं न पचवता वापरण्याचा आहे. तो त्यांच्या वागण्यात दिसतो, बाटलीत बुडालेल्या पेशीत दिसत नाही. शिवाय प्रत्येक औषध कुणाला तरी विरघळवतं. कोणतं औषध कुणाला खातं हे माहीत नसेल, तर मोजणी पूर्ण होते आणि चुकीची असते.

निघण्याआधी

लुगोल द्रावण (आयोडीनचं असंच एक औषध) बंदरातच करून घ्यावं. १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यापैकी थोड्या पाण्यात आधी १०० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड पूर्ण विरघळवायचं, मग त्यात ५० ग्रॅम आयोडीन, मग उरलेलं पाणी आणि शेवटी १०० मिलि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. क्रम उलटा झाला तर आयोडीन तळाशी खड्यांसारखं पडून राहतं, कारण नुसत्या पाण्यात ते विरघळतच नाही. द्रावण आणि नमुने गडद काचेच्या बाटल्यांत ठेवावेत. प्लास्टिक आयोडीन शोषून घेतं, महिन्या-दोन महिन्यांत नमुना पांढरा पडतो आणि पेशी कुजतात. रंग उतरलेला दिसला की वरून थोडं लुगोल घालायचं.

पहिला दिवस: किनाऱ्याजवळ, खोली २० मीटर

पाणी हिरवट-तपकिरी. २० मायक्रॉन छिद्रांची प्लवक जाळी तळापासून ३-४ मीटर वर थांबवून उभी ओढायची, सेकंदाला अर्धा मीटर किंवा त्याहून हळू. घाईने ओढली तर जाळीच्या तोंडाशी पाणी तुंबतं आणि आत शिरण्याऐवजी कडेने निघून जातं. किनाऱ्याच्या पाण्यात ती काही मिनिटांत चिकट होऊन बंद पडते. मग लांब ओढ काढण्यापेक्षा तीन आखूड ओढी बऱ्या. जाळी बाहेरून समुद्राच्याच पाण्याने धुवायची. गोड्या पाण्याचा फवारा मारला की नाजूक पेशी फुगून फुटतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिली नजर डायटमांवर जाते. मराठीत त्यांना करंडक म्हणतात, आणि हे नाव नेमकं बसतं: सिलिकाची डबी आणि तिच्यावर बसणारं किंचित मोठं झाकण. कॉसिनोडिस्कस हे वाटोळं, शंभर-दोनशे मायक्रॉनचं तबक असतं. फोकस हळूहळू खाली नेला की आधी भोकांची जाळीदार नक्षी येते, मग भिंतीला चिकटलेले सोनेरी-तपकिरी हरितलवक, मग मधली मोठी रिकामी पोकळी आणि तिच्यातून ताणलेले जीवद्रव्याचे धागे. त्या धाग्यांवरून कण ये-जा करताना दिसतात. लुगोल घातलं की हे सगळं एका गडद तपकिरी ठिपक्यात मिटून जातं.

विभाजनाच्या वेळी दोन्ही पिल्लांना आईचा एकेक भाग मिळतो आणि दोघंही तो झाकण म्हणून वापरतात. नवा तळ आतून घडवला जातो. त्यामुळे एक पिल्लू आईएवढंच राहतं, दुसरं थोडं लहान होतं. पिढ्यान्‌पिढ्या सरासरी आकार घटत जातो. ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर डायटम लैंगिक प्रजननाकडे वळतात आणि ऑक्झोस्पोर नावाच्या लवचीक, फुगणाऱ्या पेशीतून पुन्हा मोठी डबी घडते. एकाच जातीच्या पेशी दुप्पट-तिप्पट फरकाच्या दिसल्या तर दोन जाती म्हणून नोंदवू नयेत. नवख्यांची ही नेहमीची चूक.

पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा अंदाजे पाचवा हिस्सा डायटमांचा आहे. त्यांची अट एकच: विरघळलेली सिलिका हवी. नायट्रोजन आणि सिलिकॉन ते साधारण सारख्याच रेणुसंख्येत वापरतात. पाण्यातलं सिलिकेट लिटरमागे २ मायक्रोमोलच्या खाली गेलं की त्यांची सद्दी संपते आणि कशाभिका (पोहण्याची चाबकासारखी शेपटी) असलेल्या पेशी पुढे येतात. म्हणून पोषकांच्या नमुन्यात सिलिकेट टाळू नये. सिलिकेटचा नमुना काचेच्या बाटलीत कधीच भरू नये, कारण काचच सिलिका सोडते.

मोजणीसाठी ५० मिलि नमुना पारदर्शक तळाच्या उटरमोल नळकांड्यात २४ तास ठेवून पेशी तळाशी बसू द्यायच्या. हे काम किनाऱ्यावर परतल्यावरच करावं. जहाजाच्या कंपनाने पेशी एका बाजूला गोळा होतात. टेबल समपातळीत हवं आणि ऊन लागता कामा नये, नाहीतर नळकांड्यात पाणी फिरत राहतं. एका जातीच्या ४०० पेशी मोजल्या तर आकडा साधारण १० टक्के इकडे-तिकडे असतो. १०० मोजल्या तर २० टक्के.

रात्री डेकवरचे दिवे घालवून १५-२० मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मग बादलीत हात घालून हलकेच फिरवावा. निळ्या ठिणग्या दिसल्या तर नॉक्टिलुका आहे. ही गोल, पारदर्शक, फळासारखी पेशी नुसत्या डोळ्यांनाही दिसते. काहीतरी धडकलं की तिच्या आम्लधर्मी पोकळीतून प्रोटॉन सुटतात, सिंटिलॉन नावाच्या कणांतली रसायनं जागी होतात आणि सुमारे एक दशांश सेकंदाचा झोत निघतो. जाळीतून काढलेली नॉक्टिलुका चमकून चमकून दमलेली असते, म्हणून प्रकाश पाहायचा तर बादलीच. लाल नॉक्टिलुका नुसती शिकार करते. हिरव्या नॉक्टिलुकेच्या पोटात मात्र हजारो जिवंत हिरव्या पेशी पोहत असतात आणि त्या तिला अन्न पुरवतात. अरबी समुद्रात हिवाळ्यात हिचेच मोठे हिरवे थर पसरतात.

दुसरा दिवस: खंडमंचावर, लालसर पट्टा

पाण्यात गंजासारखा तांबडा पट्टा दिसला तर जाळी बाजूला ठेवायची. बादलीने पाणी घ्यायचं, टोक कापून रुंद केलेल्या पिपेटने १ मिलि मोजणी-कक्षात सोडायचं आणि लगेच पाहायचं. जुन्या हॅलोजन दिव्याची उष्णता या पेशींना काही मिनिटांत मारते. एलईडी दिवा, तोही मंद. कक्ष आधी फ्रिजमध्ये गार केलेला असावा.

मेसोडिनियम रुब्रम असेल तर ओळखायला वेळ लागत नाही. लालसर, कमरेत आवळलेली पेशी क्षणभर स्थिर असते आणि मग एकदम गायब होते. पुढच्या क्षणी ती दृष्टिक्षेत्राच्या पलीकडे स्थिर उभी. तिच्या कमरेच्या पक्ष्माभिका (आखूड केसांसारखे अवयव) तिला अशी उडी देतात की नजर पोहोचत नाही. आता कक्षात फॉर्मालिनचा थेंब सोडा. बऱ्याच पेशी जागेवरच विस्कटतात आणि उरतात लाल कण. कित्येक किनाऱ्यांच्या जुन्या नोंदींत ही जात कमी दिसते, त्याचं एक कारण हे.

लाल रंग तिचा स्वतःचा नाही. ती क्रिप्टोफाइट नावाच्या लहान कशाभिकाधारी पेशी खाते, त्यांचे हरितलवक राखून ठेवते आणि त्यांचं केंद्रकही काही आठवडे चालू ठेवते, म्हणजे चोरलेल्या यंत्राला चोरलेलाच कारागीर. तिच्या आसपास बरेचदा डायनोफायसिस सापडतं, चपटं, वर कॉलरसारखा पंखा असलेलं. ते मेसोडिनियमला एका नळीने टोचतं, आतला ऐवज ओढून घेतं आणि हरितलवक पुन्हा एकदा हात बदलतात. डायनोफायसिस प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसले, कारण त्याला खत आणि उजेड दिला जात होता. मेसोडिनियम खायला घातल्यावर २००६ मध्ये ते प्रथमच टिकलं.

त्या एका तांबूस कणाची वंशावळ लावून पाहावी. मुळात तो मुक्त जगणारा सायनोबॅक्टेरिया. एका प्राचीन पेशीने तो सामावून घेतला आणि त्या वंशात लाल शैवाल आलं. लाल शैवालाला क्रिप्टोफाइटच्या पूर्वजाने गिळलं. क्रिप्टोफाइटला मेसोडिनियमने, मेसोडिनियमला डायनोफायसिसने. पहिल्या दोन पायऱ्या कायमच्या झाल्या आणि वारशाने उतरतात, शेवटच्या दोन आजही रोज नव्याने घडतात. हरितलवक कसं जन्माला आलं हे समजून घ्यायला याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही. मेरेश्कोव्स्कीने १९०५ मध्ये ही कल्पना मांडली आणि लिन मार्ग्युलिसने १९६७ च्या लेखाने ती पुन्हा उभी केली. पुरावा म्हणून हरितलवकाभोवतीच्या पटलांची मोजणी उपयोगी पडते. लाल शैवालाच्या हरितलवकाभोवती दोन पटलं आहेत, क्रिप्टोफाइट आणि डायटममध्ये चार, आणि बहुतेक डायनोफ्लॅजेलेटांत (दोन कशाभिका असलेल्या पेशींचा गट, डायनोफायसिस त्यातलंच) तीन. डायनोफ्लॅजेलेटांचे चुलत नातलग म्हणजे मलेरियाचे परजीवी. त्यांच्या पेशीतही रंग गेलेला, प्रकाशसंश्लेषण सोडून दिलेला एक लवक अजून आहे.

व्यवहाराची गोष्ट: डायनोफायसिस ओकाडाइक आम्ल बनवतं. लिटरमागे काही शे पेशी असल्या तरी शिंपले ते साठवतात आणि खाणाऱ्याला जुलाब होतात. इतक्या विरळ पेशी ५० मिलिमध्ये सापडतीलच असं नाही. निदान १ लिटर पाणी २० मायक्रॉन चाळणीवर गाळून, परत ५-१० मिलिमध्ये घेऊन मोजावं.

तिसरा दिवस: खंडमंचाची कड

आजपासून निस्किन बाटल्यांचं चक्र. बाटल्या उघड्या खाली जातात आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर बंद होतात. थांबून अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावं, नाहीतर चक्राने सोबत ओढून आणलेलं वरच्या किंवा खालच्या थरातलं पाणी आत अडकतं. डेकवर आल्यावर प्राणवायूचा नमुना सर्वांत आधी काढायचा. प्रोटिस्टांसाठी तोटीला सिलिकॉनची नळी लावून तिचं टोक बाटलीच्या तळाशी, पाण्याखाली ठेवायचं. वरून धार सोडली तर सिलिएट (मेसोडिनियमसारख्या, पक्ष्माभिका असलेल्या पेशी) फुटतात. निस्किनची तोटी तळापासून थोडी वर असते. जड पेशी आणि गुठळ्या तोटीच्या खाली बसून राहतात. बाटली काढण्याआधी हलवता आली नाही, तर शेवटचं पाणीही उपसून घ्यावं.

इथे कॉकोलिथोफोर भेटतात, ५-१० मायक्रॉनच्या पेशी, अंगावर चुन्याच्या कोरीव चकत्या. एमिलियानिया हक्सलेई सर्वांत पसरलेली. तिचं फुलोरं (पेशींची एकदम बेसुमार वाढ) आलं की पाणी दुधाळ फिरोजी होतं आणि उपग्रहावरून दिसतं. त्यांना लुगोल चालत नाही. त्यातलं ॲसिटिक आम्ल चकत्या विरघळवतं आणि मागे एक बिनओळखीची गोल पेशी राहते. पाणी ०.८ मायक्रॉनच्या पॉलिकार्बोनेट गाळणीवर गाळायचं, किंचित अल्कधर्मी केलेल्या पाण्याने मीठ धुवायचं, ४०-५० अंशांवर सुकवायचं. मीठ राहिलं तर त्यातले काही स्फटिकही ध्रुवीय प्रकाशात चमकतात आणि नजर फसते. चकती ओळखायची ती तिच्या चमकत्या काळ्या-पांढऱ्या फुलीवरून.

चुना घडवणं म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड गाडणं, असं सरसकट लिहिलं जातं. ते अर्धवट आहे. चुना बनताना दोन बायकार्बोनेटमागे एक कार्बन डायऑक्साइड पाण्यात सुटतो. प्रकाशसंश्लेषण तो ओढतं आणि चुन्याचं वजन मेलेल्या पेशींना लवकर खाली नेतं. या तिन्हींची बेरीज जागेगणिक बदलते.

या फुलोऱ्यांना बहुतेक वेळा विषाणू संपवतात. गंमत म्हणजे याच जातीचं एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेलं) रूप, ज्याच्या अंगावर चुना नसतो आणि कशाभिका असतात, ते या विषाणूला दाद देत नाही. फुलोरं कोसळताना चुनेवाल्या पेशी मरतात आणि हे पोहणारं रूप वाचतं.

चौथा दिवस: कोण कुणाला किती खातं

संबंध दिवस एका प्रयोगाला द्यावा. विरलीकरणाची ही पद्धत लँड्री आणि हॅसेट यांनी १९८२ मध्ये दिली. कल्पना साधी आहे: पाणी पातळ केलं की शिकारी आणि भक्ष्य यांची गाठ कमी पडते. भक्ष्याच्या वाढीचा वेग तोच राहतो, खाल्लं जाण्याचा वेग घटतो.

पहाटे २० लिटर पाणी घ्यायचं. त्यातलं निम्मं ०.२ मायक्रॉन गाळणीतून काढायचं. गाळणी आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग भरपूर शुद्ध पाण्याने धुतलेली हवी, कारण नव्या गाळणीतून पेशींना मारणारी द्रव्यं सुटतात. न गाळलेलं आणि गाळलेलं पाणी मिसळून २०, ४०, ६०, ८० आणि १०० टक्क्यांची मिश्रणं करायची, प्रत्येकी दोन किंवा तीन बाटल्या. आधी गाळलेलं भरायचं, मग न गाळलेलं नळीने तळाशी हळूच सोडायचं. बाटली काठोकाठ भरावी. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो दिवसभर हिंदकळत सिलिएट मारतो, आणि मग शिकार कमी झाल्याचा खोटा निकाल हाती येतो. सगळ्यांना सारखी पोषकं द्यायची आणि पोषकं न घातलेल्या १०० टक्क्यांच्या वेगळ्या बाटल्या ठेवायच्या. बाटल्या डेकवरच्या टाकीत, वाहत्या समुद्रजलात, नमुन्याच्या खोलीएवढा उजेड राहील अशा जाळीखाली २४ तास.

सुरुवातीला आणि शेवटी हरितद्रव्य मोजायचं. जीएफ/एफ (काचतंतूंची) गाळणी, मंद उजेड, हलका निर्वात (पाव वातावरणाहून कमी, जास्त ओढलं की पेशी फुटून रंग खाली गळतो). गाळणी ९० टक्के ॲसिटोनमध्ये उणे २० अंशांवर अंधारात २४ तास ठेवून फ्लुओरोमीटरवर वाचायची. मग निव्वळ वाढ आडव्या अक्षावरच्या न गाळलेल्या पाण्याच्या प्रमाणासमोर मांडायची. रेघ डावीकडे उभ्या अक्षाला जिथे छेदते ती वनस्पतिप्लवकांची खरी वाढ, रेघेचा उतार ही शिकार. रेघ सपाट आली की लगेच ‘शिकारच नाही’ असं लिहू नये. आधी बुडबुडे आणि गाळणी तपासावी. रेघ मध्येच वळली तर शिकारी तृप्त झाले असण्याची शक्यता धरावी.

जगभरच्या अशा प्रयोगांचा २००४ मध्ये एकत्र हिशेब झाला तेव्हा दिसलं की वनस्पतिप्लवक रोज जे घडवतात त्याचा ६० ते ७५ टक्के भाग सूक्ष्म शिकारीच फस्त करतात, आणि ते बहुतांशी प्रोटिस्ट असतात. शाळेच्या पुस्तकातली ‘डायटम, मग कोपेपॉड, मग मासा’ ही साखळी खरी आहे (कोपेपॉड म्हणजे बारीक कवचधारी प्राणी), पण ती बाजूची गल्ली आहे. मोठा रस्ता प्रोटिस्टांतून जातो. पेशींतून गळलेली विद्राव्य साखर-प्रथिनं बॅक्टेरिया खातात, त्यांना २ ते ५ मायक्रॉनचे कशाभिकाधारी टिपतात, त्यांना सिलिएट, आणि सिलिएटांना कोपेपॉड. या चक्राकडे १९७४ मध्ये पोमेरॉयने लक्ष वेधलं आणि १९८३ मध्ये आझम आणि सहकाऱ्यांनी त्याला सूक्ष्मजीवी वळसा म्हटलं. खाताना हे शिकारी बरंच नायट्रोजन आणि लोह पुन्हा पाण्यात सोडतात. उघड्या समुद्रातलं पुढच्या दिवसाचं पीक त्याच खतावर उभं राहतं.

पाचवा दिवस: निळं पाणी

पाण्याची स्वच्छता मोजणारी ३० सेंटीमीटरची पांढरी सेकी तबकडी आता ३० मीटरखालीही दिसत राहते. जाळीत जवळपास काही नाही. पाणी रिकामं आहे असं वाटतं ते जाळीच्या भोकांमुळे. मिलिलिटरभर पाण्यात साधारण दहा लाखांच्या घरात बॅक्टेरिया आणि शेकडो ते हजारभर लहान कशाभिकाधारी असतात. हरितद्रव्याचा सर्वाधिक थर पृष्ठभागावर नसून कितीतरी खाली, बरेचदा १०० मीटरच्या आसपास सापडतो. त्यामुळे बाटल्यांच्या खोल्या आधी ठरवू नयेत. खाली जाताना प्रतिदीप्तीचा (हरितद्रव्याच्या लाल चमकेचा) आलेख पाहावा आणि शिखरावर दोन बाटल्या जास्त बंद कराव्यात.

इथलं काम प्रतिदीप्त सूक्ष्मदर्शकावर. ग्लुटाराल्डिहाइड अंतिम १ टक्का, डीएपीआय (डीएनएला चिकटून निळा चमकणारा) रंग, काळी पॉलिकार्बोनेट गाळणी, बॅक्टेरियांसाठी ०.२ आणि कशाभिकाधारींसाठी ०.८ मायक्रॉन. काचपट्टी त्याच दिवशी पाहावी किंवा उणे २० अंशांवर ठेवावी. हरितद्रव्याचा लाल उजेड काही दिवसांत उतरतो आणि मग स्वतः अन्न करणारी पेशी व शिकारी पेशी यांत फरक करता येत नाही. तसाही तो फरक इथे कच्चा आहे. यातल्या कित्येक पेशी लाल चमकतात आणि पोटात निळे बॅक्टेरियाही दाखवतात. पोषकं दुर्मीळ असलेल्या पाण्यात बॅक्टेरिया म्हणजे फॉस्फरस-लोहाची तयार पुडी, आणि उजेड फुकट. दोन्ही सोडायचं कशाला?

सर्वांत लहान मुक्त जगणारी केंद्रकी पेशी, ऑस्ट्रिओकॉकस, १९९४ मध्ये फ्रान्समधल्या ‘तो’ (Thau) नावाच्या खाजणात सापडली. आकार जेमतेम १ मायक्रॉन. त्यात एक केंद्रक, एक हरितलवक, एक तंतुकणिका. तिच्याच आकाराच्या जगात कॉलरवाले कोॲनोफ्लॅजेलेट फिरतात. एक कशाभिका, तिच्याभोवती सूक्ष्म बोटांची कॉलर. कशाभिका पाणी हाकते आणि बॅक्टेरिया कॉलरला चिकटतात. स्पंजाच्या आतल्या पेशी जवळजवळ अशाच दिसतात. जनुकांनीही साक्ष दिली आहे: प्राण्यांचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग हेच. २००८ मध्ये मोनोसिगाचा जनुकसंच वाचला तेव्हा पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या प्रथिनांची, कॅडहेरिनांची, जनुकं या एकट्या राहणाऱ्या जिवात आधीच होती.

आणि ब्रारुडोस्फेरा. बारा पंचकोनी चुन्याच्या पाट्यांची पेशी. तिच्या आत हवेतला नायट्रोजन बांधणारा सायनोबॅक्टेरिया राहतो. २०२४ मध्ये दाखवलं गेलं की तो पेशीच्या इतर अवयवांच्या तालावर विभागतो आणि त्याला लागणारी काही प्रथिनं यजमानाच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनून आत पोहोचतात. म्हणजे तो आता पाहुणा नाही, अवयव आहे. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात. हरितलवकाच्या वाटेवर फार उशिरा निघालेला हा आणखी एक प्रवासी आहे, आणि मूळ गोष्ट कशी घडली असेल ते त्याच्यात पेशी न फोडता पाहता येतं.

सहावा दिवस: काचेचे आणि मिठाचे तारे

अकांथेरिया, रेडिओलारिया आणि फोरॅमिनिफेरा, म्हणजे सांगाडा किंवा कवच बांधणारे एकपेशी, हा आजचा बेत. वारा नसेल तर होडीतून रुंद तोंडाच्या बरणीत एकेक पेशी टिपणं सर्वांत चांगलं. जाळीच वापरायची असेल तर मोठ्या तळबाटलीची, आणि अतिशय संथ ओढ. रेडिओलारियांच्या जेलीसारख्या वसाहती जाळीत चिंध्या होतात. उपकरणं पाण्यात सोडून थेट छायाचित्रं काढायला लागल्यावरच त्या किती आहेत ते उमगलं.

अकांथेरियाचा सांगाडा स्ट्रॉन्शियम सल्फेटचा, वीस काटे, ठरलेल्या भूमितीत. समुद्राचं पाणी या मिठाने कधीच संपृक्त नसतं. पेशी जिवंत असेपर्यंत काटे टिकतात, मेल्यावर विरघळू लागतात. साध्या फॉर्मालिनच्या बाटलीत आठवड्यात काही उरत नाही. औषधात स्ट्रॉन्शियम क्लोराइड घालून ठेवलं तर वाचतात. याच कारणाने गाळात त्यांचे जीवाश्म मिळत नाहीत. रेडिओलारियांचे काचेचे सांगाडे मात्र कँब्रियन काळापासून सापडतात. एचएमएस चॅलेंजर जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीतल्या नमुन्यांवर हेकेलने १८८७ मध्ये जो अहवाल छापला, त्यात हजारो जाती नव्या होत्या.

प्लवक फोरॅमिनिफेरा जिवंत पाहायला बरणी स्थिर ठेवून तासभर थांबावं. ओढीत काटे मोडलेले असतात, पेशी आकसलेली असते. हळूहळू कवचाच्या भोकांतून चिकट धागे बाहेर येतात आणि कवचाच्या कितीतरी पट लांब पसरतात. सहजीवी असलेल्या जातींत उजाडलं की सोनेरी ठिपके या धाग्यांवरून बाहेर सरकतात. ते डायनोफ्लॅजेलेट आहेत, ऊन खायला निघालेले. अंधार पडला की परत आत घेतले जातात. धाग्यांना कोपेपॉड अडकला तर तोही पचवला जातो. काही जाती चंद्राच्या तालावर प्रजनन करतात: पेशीचं सगळं द्रव्य लाखो युग्मकांत वाटलं जातं आणि रिकामं कवच तळाकडे निघतं.

सातवा दिवस

वारा वाढलेला, चक्र पाण्यात सोडता येत नाही. साठवलेलं पाणी डीएनएसाठी गाळायचं. ३ मायक्रॉन आणि ०.२ मायक्रॉन अशा दोन गाळण्या एकामागोमाग, प्रत्येक नमुन्याचं आकारमान नोंदवून, लगेच द्रव नायट्रोजनात. अर्ध्या तासाहून जास्त वेळ गाळत बसू नये, तेवढ्यात पेशींचा आरएनए बदलतो. एक गाळणी नुसत्या शुद्ध पाण्याची, तुलनेसाठी.

तारा नावाच्या जहाजाच्या मोहिमेने २००९ ते २०१३ दरम्यान जगभरच्या समुद्रांतून असे नमुने घेतले. २०१५ च्या निष्कर्षांत उजेडाच्या थरातल्या केंद्रकी जीवांची विविधता दीड लाख गटांच्या घरात जाते असं दिसलं, आणि त्यात प्रोटिस्टांचा वाटा प्रचंड होता. त्यातही परजीवी आणि सहजीवी पुष्कळ, ज्यांना मोजणीच्या तक्त्यात साधा रकानाही नव्हता. पण डीएनएच्या वाचनांची संख्या म्हणजे पेशींची संख्या धरू नये. ओळखीसाठी जे जनुक वाचतात, त्याच्या एका डायनोफ्लॅजेलेटमध्ये हजारो प्रती असू शकतात, ऑस्ट्रिओकॉकसमध्ये मोजक्या.

आठवा दिवस: जवळपास ४,००० मीटरखालचा गाळ

मल्टिकोरर (गाळात नळ्या रुतवून नमुना आणणारं यंत्र) खाली जायला तास-दीड तास, वर यायला तेवढाच. शेवटचे ५० मीटर अगदी सावकाश सोडायचा. आदळला तर पुढच्या लाटेने वरचा भुसभुशीत थर उडतो, आणि पाहायचं ते त्याच थरात असतं. नळीत गाळावरचं पाणी स्वच्छ असेल तर नमुना घ्यायचा, गढूळ असेल तर टाकून पुन्हा.

गाळ पांढुरका, बोटांत चिमटीत धरला तर बारीक रवाळ. हे रवे म्हणजे वरून आलेली फोरॅमिनिफेराची कवचं. अजून खोल गेलो असतो, साधारण ४ ते ५ किलोमीटरच्या खाली, तर थंड आणि दाबाखालच्या पाण्यात चुना विरघळला असता आणि हाती तांबडी माती किंवा काचेचा गाळ आला असता. याच कवचांतल्या प्राणवायूच्या समस्थानिकांवरून १९५५ मध्ये एमिलियानीने हिमयुगांचे चढउतार वाचले. तळावर राहणारे फोरॅमिनिफेरा कँब्रियनपासून आहेत, पाण्यात तरंगायला ते ज्युरासिकमध्ये शिकले, आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आघातात तरंगणाऱ्यांपैकी मोजक्याच जाती वाचल्या. आजच्या सगळ्या तरंगत्या जाती मिळून पन्नासच्या आसपास भरतात.

गाळाच्या पृष्ठावर कधी मुठीएवढा, चुरगळलेल्या कागदासारखा गोळा दिसतो. तो झेनोफायोफोर, म्हणजे एकच पेशी, अनेक केंद्रकं, वाळू आणि कवचं चिकटवून बांधलेलं घर. काही १० सेंटीमीटरच्या पुढे वाढतात आणि मरियाना गर्तेत १० किलोमीटरहून खोलही पाहिले गेले आहेत. हाताने उचलला की चुरा होतो. नळीतच, बाजूने मोजपट्टी धरून छायाचित्र काढावं आणि मगच काप घ्यावेत.

वरचा १ सेंटीमीटर कापून त्याच्या किमान दुप्पट आकारमानाच्या इथेनॉलमध्ये टाकायचा. इथेनॉल निदान ७० टक्के, त्यात लिटरमागे २ ग्रॅम रोझ बेंगाल (जीवद्रव्य गुलाबी करणारा रंग). बाटली उलटसुलट करून गुठळ्या मोडायच्या, पण जोरात हलवू नये, पातळ कवचं फुटतात. रंग मुरायला निदान १४ दिवस. मग ६३ आणि १२५ मायक्रॉनच्या चाळण्यांवर हलक्या धारेने धुवायचं. शेवटच्या कप्प्यापर्यंत भडक गुलाबी भरलेलं कवच घ्यावं, फिकट डाग असलेलं सोडावं. मेलेल्या पेशीचं द्रव्य थंड तळावर आठवडेच्या आठवडे टिकतं आणि तेही रंग घेतं. मोजणी बाटली उघडल्यावर ओल्या अवस्थेतच करायची. वाळवलं की मऊ, सेंद्रिय भिंतीच्या जाती सुरकुतून ओळखू येत नाहीशा होतात. लेबल पेन्सिलीने लिहून एक बाटलीच्या आत आणि एक बाहेर, कारण इथेनॉल सांडलं की शाईचं लेबल सर्वांत आधी पुसलं जातं.